एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाककृतींच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट आली होती. 'गृहिणींसाठी मापांचा तक्ता'. (निवृत्त सासरेही हल्ली स्वयंपाकघरात असतात, पण ते असो.) तिच्यातली पहिलीच ओळ अशी: 'द्रव पदार्थ : १ कप = २५० मिली = २५० ग्रॅम'. त्याखाली अर्धा कप १२५ ग्रॅम, पाव कप ६२ ग्रॅम, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'म्हणजेच १ लिटर = १ किलो'. कोणता द्रव पदार्थ, याचा पत्ता नाही. पाणी, दूध, तेल, मध, पाक, सगळे एकाच दावणीला.

हा तक्ता आमच्या सूनबाईने कापून फ्रिजवर चिकटवला. ती घरच्या घरी केकच्या ऑर्डरी घेते. नाताळात आमच्या वाड्यावर आणि मुलाच्या ऑफिसात मिळून वीस-पंचवीस केक सहज जातात. या खेपेस तिने मधाचा केक करायचे ठरवले. तिच्या मावसबहिणीने मेलबर्नहून कृती पाठवली होती. १ कप मध, अर्धा कप तेल, १ कप दूध, बाकी मैदा, अंडी, मसाला वगैरे. चार केक एकदम करायचे म्हणून सगळे चौपट. चार-चार कप मोजत बसण्यापेक्षा भांडे काट्यावर ठेवून ओतलेले बरे, असा तिने विचार केला, आणि तो विचार अगदी योग्य होता. तक्ता बघून हिशेब मांडला: मध १ किलो, तेल अर्धा किलो, दूध १ किलो. बाजारातून एक किलो मधाची बरणी आणली, तळ खरवडून सगळा मध ओतला आणि 'नेमकी पुरली' म्हणून खूशही झाली.

केक ओव्हनमधून बाहेर आले ते फिकट. मधाच्या केकला जो तांबूस काळसर रंग चढतो त्याचा मागमूस नाही. चव सपक, दुसऱ्या दिवशी कडा कोरड्या, आणि खालच्या कागदाला तेलाचे डाग. 'बाबा, हें कितें जालें?' म्हणून ती माझ्यापुढे ताटली घेऊन उभी. तिला वाटत होते सोडा जुना असेल. मुलाचा संशय ओव्हनवर. आमच्या सौभाग्यवतींनी तर मधातच भेसळ आहे असा निकाल देऊन मधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी फ्रिजकडे बघत होतो.

मी वजनमाप खात्यात ३१ वर्षे काढली. साहेब नव्हतो, साहेबांची पेटी उचलणारा आणि पुढे स्वतः शिक्के मारणारा माणूस. पेट्रोलपंपावर ५ लिटरचे माप घेऊन जायचे, त्यात पेट्रोल सोडायला लावायचे, मापाच्या मानेवरची रेघ बघायची. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंत इकडे-तिकडे चालते, त्यापुढे नाही. दूधवाल्यांची मापे, रॉकेलची मापे, मासळी बाजारातले तराजू तपासून त्यांवर वर्षाचा आकडा आणि तिमाहीचे अक्षर ठोकायचे. अशा माणसाच्या घरातल्या फ्रिजवर '१ लिटर = १ किलो' दोन आठवडे दिमाखात चिकटलेले होते आणि मी रोज त्याखालून पाण्याची बाटली काढत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सूनबाईला मी टेबलावरच हिशेब करून दाखवला. मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. एक मिलीचे वजन साधारण १.४२ ग्रॅम. म्हणजे २५० मिलीच्या कपात मध बसतो ३५५ ग्रॅम. चार कपांना १ किलो ४२० ग्रॅम लागला असता, घातला १ किलो. चारशेवीस ग्रॅम मध गायब. (आकडा चारशेवीसच निघावा, यात माझा काही हात नाही.) तेल उलट पाण्याहून हलके. दोन कप तेल ४५७ ग्रॅमच्या आसपास, तिने घातले ५००. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, तिथे फक्त तीस ग्रॅम कमी पडले, त्याने काही बिघडत नाही. गोड आणि ओलावा धरणारे कमी, तेल जास्त. रंग येणार कुठून? रंगही मधातल्या साखरेचाच. बरणी 'नेमकी पुरली' ती यामुळेच. एक किलो मधाच्या बरणीत मध असतो जेमतेम ७०० मिली, म्हणजे पुरते तीन कपही नव्हेत.

आता मुळाशी जाऊ. हा गोंधळ आपल्या पुरवणीने जन्माला घातलेला नाही, तो किलोच्या जन्मापासूनचा आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरवला तोच पाण्यावरून, एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन तो ग्रॅम. मग १७९९ साली प्लॅटिनमचा किलो घडवला तोही चार अंश तापमानाच्या एक लिटर पाण्याशी जुळवून. पुढे १९०१ पासून १९६४ पर्यंत तर उलटेच होते: एक किलो पाणी जेवढी जागा व्यापते तो लिटर, अशीच लिटरची व्याख्या होती. त्यात मग एक घन डेसिमीटर आणि लिटर यांत दहा लाखांत २८ भागांचा फरक निघाला म्हणून ती १९६४ साली रद्द केली. इंग्रजांनीही १८२४ साली गॅलन ठरवला तो दहा पौंड पाण्यावरून. सगळीकडे साक्षीला पाणी. त्यामुळे लिटर आणि किलो ही जुळी भावंडे आहेत असे शाळेपासून डोक्यात बसते, आणि ते पाण्यापुरते खरेही आहे. तेसुद्धा चार अंशांच्या पाण्यापुरते. आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्याचा लिटर किलोला चार-पाच ग्रॅम कमीच भरतो. पण स्वयंपाकात ते कोण बघतो, आणि बघूही नये.

नुसते पुस्तकी सांगून घरात कोणी ऐकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगच मांडला. टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले (आपलेच, राग नसावा). सूनबाईचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतला. आधी त्यावर माझ्या भावाच्या दुकानातले जुने २०० ग्रॅमचे लोखंडी वजन ठेवून काटा खरा आहे का ते पाहिले, कारण काट्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. मग स्टीलचा एक पेला घेतला, काठापर्यंत भरणारा, ज्याने आमच्याकडे तांदूळही मोजतात. रिकामा पेला ठेवून काटा शून्य केला. पाणी काठोकाठ: २१२ ग्रॅम. पेला पुसून खोबरेल: १९५. पातळ केलेले तूप: १९३. दूध: २१९. माडाचे व्हिनेगर: २१५. एकास एक साखर आणि पाणी उकळून गार केलेला पाक: २६१. आणि मध: ३०२.

मधाला वेळ लागला. तो धारेने पडतो, मग दोरा होतो, मग दोरा तुटत नाही. पेल्याच्या काठावर तो फुगून उभा राहतो आणि आकडा २९८, २९९ करत चढत राहतो. मी म्हातारा माणूस टेबलावर हनुवटी टेकवून बघतोय, आणि नातू शेजारी उभा राहून 'आजोबा, तीनशे! तीनशेएक!' करतोय. आत बुडबुडे होते ते काडीने काढले, अजून थोडा बसला. पेला रिकामा करून पुन्हा ठेवला तर काटा सोळा ग्रॅम दाखवत होता. तेवढा मध आतून चिकटून राहिलेला. आपण कपाने मध मोजतो आणि कृतीत ओततो, तेव्हा हा चिकटलेला मध कोणाच्या हिशेबात असतो? म्हणून चिकट पदार्थ काट्यावर घ्यावा: केकचे भांडेच काट्यावर ठेवून शून्य करावे आणि थेट त्यात ओतावे. मोजायचे भांडेही घासायला नको.

या सात आकड्यांतच सगळे आले. पेला एकच, जागा एकच, आणि तूप ते मध यांत १०९ ग्रॅमचे अंतर. आपला तक्ता या सातही जणांना एकच आकडा देतो.

नारळाचा रसही मोजला. पहिला दाट रस एकदा २११ आला, एकदा २१३. म्हणजे पाण्यासारखाच. नारळ बदलला, पाणी थोडे जास्त घातले, की इकडे-तिकडे होणार. मणगणे किंवा दोदोल या गोडाच्या पदार्थांना रस लिटरने घ्या की किलोने, फरक पडत नाही. कोकमाच्या आगळाचे मात्र तसे नाही, त्यात मीठ असते, आणि कोणी किती मीठ घातले त्यावर ते जड-हलके. त्याला एक आकडा देता येणार नाही, आणि सोलकढीत ते वजनाने घालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पातळ पदार्थाचे एक बरे असते, ते दाबून भरता येत नाही. मैद्याचा कप कोणी चाळून सैल भरतो, कोणी आपटून भरतो, आणि त्यात वीस-तीस ग्रॅम सहज हलतात. पिठाला भरवसा नाही. तेलाला, दुधाला, मधाला आहे. प्रत्येकाचा एकेक आकडा ठाऊक असला की मिलीला त्याने गुणायचे, ग्रॅम मिळतात. ग्रॅमला भागायचे, मिली मिळतात. दूधसंस्थांतून वजनाने घेतलेल्या दुधाचे लिटर काढायला १.०३ ने भागतात ते याच न्यायाने.

आणि हे ज्ञान आमच्या गोव्याला नवे नाही. माझ्या मामाकडे सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूची भट्टी लागायची. हुर्राक उतरला, फेणी उतरली, की मामा काचेची एक नळी त्यात सोडायचा. तिला 'ग्राव' म्हणायचे. नळी खोल बुडाली की द्रव हलका, म्हणजे कडक. वर तरंगली की पाणी जास्त. मामाची शाळा तिसरीपर्यंतची, पण त्याला कोणी सांगितले असते की एक लिटर फेणी म्हणजे एक किलो, तर तो हसला असता. फेणीची ७५० मिलीची बाटली घ्या, आतल्या फेणीचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपासच भरते.

माझे आजोळ सावंतवाडीकडचे. तिकडे आजीच्या बोलण्यात 'वजनी शेर' आणि 'मापी शेर' असे दोन शेर असत. वजनी शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅम. मापी शेर म्हणजे धान्य भरायचे भांडे. कोणी नुसते 'दोन शेर' म्हटले की आजी विचारायची, 'वजनी की मापी?' इकडे गोव्यात तांदूळ पायलीने आणि कुडवाने मोजायचे, तीही भांडीच, तर मासळी आणि साखर 'किल' ने, म्हणजे किलोने. दोन्ही व्यवहार शेजारी-शेजारी चालायचे आणि गल्लत होत नसे, कारण प्रश्न विचारायची पद्धत होती. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पोर्तुगालने तर किलो-लिटर एकोणिसाव्या शतकातच घेतले होते, तेव्हा आम्हा गोंयकारांना ही मापे दोन्ही बाजूंनी आलेली आहेत. मापे सोपी झाली, आणि आजीचा तो प्रश्न तेवढा विसरला गेला.

कपाची तर तऱ्हाच वेगळी. कप म्हणजे किती, हेच जगात एक नाही. अमेरिकेचा कप २३७ मिलीच्या आसपास, त्यांच्या पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यांत २४०, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५. सूनबाईची कृती मेलबर्नची होती म्हणून आपल्या तक्त्यातला २५० मिलीचा कप योगायोगाने जुळला. तिच्याकडच्या प्लास्टिकच्या कपांच्या संचावर मात्र २४० लिहिलेले आहे. अमेरिकेच्या कृतींत आणखी एक खोच असते: औंस. पातळ पदार्थाचा औंस हे भांड्याचे माप, सुक्या पदार्थाचा औंस हे वजन, आणि दोघांचे नाव एकच. आठ द्रव-औंसांचा एक कप, पण त्या कपातला मध वजनाने बारा औंस. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे त्यांच्या आईची पोर्तुगीज वही आहे, तीत दूध 'डेसिलिटर'मध्ये दिले आहे. दोन डेसिलिटर म्हणजे २०० मिली. मला ते फार आवडले. भांड्याचे माप आहे हे नावातच कळते.

त्याच बाई बिबिंक हा थरांचा गोड पदार्थ करतात. त्यांच्याकडे काटा नाही. एक डाव आहे, प्रत्येक थराला त्या डावाने एकदा. सोळा थर एकसारखे येतात. हे मुद्दाम सांगतो, कारण मी काट्याचा प्रचारक नव्हे. सगळे एकाच वाटीने मोजणारी बाई कधी चुकत नाही, तिचे प्रमाण तिच्या वाटीत असते. चूक होते ती वाटीचे ग्रॅम करताना. करायचेच असेल तर पदार्थागणिक करावे, नाहीतर वाटीला वाटीच राहू द्यावे.

काट्यांनी या गोंधळात भर घातली आहे तीही सांगतो. हल्लीच्या स्वयंपाकाच्या काट्यांवर 'मिली' असे एक बटण असते. ते दाबले की लोकांना वाटते काटा आता माप सांगतोय. काट्याला काय कळणार भांड्यात काय आहे ते? तो ग्रॅमचाच आकडा मिली म्हणून दाखवतो, म्हणजे पाणी आहे असे धरून चालतो. एखाद्या काट्यावर दुधाचे वेगळे बटण असते, तेवढाच काय तो फरक. आमच्या पेल्यातले खोबरेल त्या बटणावर १९५ मिली दाखवत होते, खरे होते २१३ (आपल्याकडचे २१२ ग्रॅम पाणी तेवढी जागा घेते). आपला तक्ता आणि ते बटण एकाच गुरूचे चेले.

तुम्ही म्हणाल, एका केकासाठी एवढे पत्र? केकावर भागत असते तर लिहिले नसते. चतुर्थीच्या आधी फोंड्याच्या बाजारात उभे राहा. नेवऱ्या, करंज्या तळायच्या म्हणून लोक तेलाचा 'पंधराचा डबा' मागतात. दुकानदारही 'पंधराचा डबा एवढ्याला' म्हणून भाव सांगतो. पंधरा काय? दोन्ही तऱ्हेचे डबे मिळतात, १५ लिटरचे आणि १५ किलोचे. पंधरा लिटरच्या डब्यात तेल असते १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. पंधरा किलोच्या डब्यात भरते साडेसोळा लिटर. सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक, आणि दोघांचे बाजारातले नाव एकच. दुकानदार फसवत नाही, डब्यावर स्पष्ट छापलेले असते. वाचणाऱ्याच्या डोक्यात '१ लिटर = १ किलो' बसलेले असेल तर छापून उपयोग काय? पिशवीचेही तेच. समजा लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि किलोची १६० ला. स्वस्त कुठली? बहुतेक जण लिटरची उचलतात. तिच्यात तेल आहे ९१० ग्रॅम, म्हणजे किलोला पडले जवळजवळ १६५ रुपये. तुपाच्या एक लिटर डब्यावरही बारीक अक्षरात ९०५ ग्रॅम लिहिलेले असते. वाचून बघा.

या बारीक अक्षरांत आणखी एक गंमत होती, ती २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने बंद करायला सांगितली. तेल तापले की फुगते. खात्यानेच दिलेले उदाहरण: सोयाबीन तेलाच्या एका लिटरचे वजन २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणजे पाकिटावर 'अमुक तापमानाला १ लिटर' असे लिहून तापमान चढे घेतले, की तेवढे तेल कमी भरता येते आणि तरी लिटर खराच. साडेसव्वीस ग्रॅम, दर पिशवीमागे. म्हणून खात्याने सांगितले, तापमान लिहू नका, माप लिहा आणि सोबत वजनही लिहा, आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण बातमी वाचून बरे वाटले. वजनाला ऊन लागत नाही.

याचा घरगुती पुरावा हवा असेल तर डिसेंबरातली खोबरेलची बाटली बघा. चोवीस-पंचवीस अंशांखाली खोबरेल थिजते. रात्री गळ्यापर्यंत भरलेली बाटली सकाळी थिजून खाली बसलेली दिसते, मध्ये खड्डा पडलेला. आमच्या लहानपणी आई म्हणायची, 'थंडीत तेल कमी होतें.' घाण्यावरून आणलेले तेल कोणी चोरले की काय, असा घरातल्या गड्यावर संशयसुद्धा यायचा. बाटली काट्यावर ठेवली असती तर गडी सुटला असता. थिजलेल्या तेलाचा कप भरून कृतीत घालणे हा तर शुद्ध जुगार. चमच्याने भरताना मध्ये पोकळ्या राहतात, दाबले तर पातळ तेलापेक्षा जास्त बसते. थंडीत खोबरेल एक तर वितळवून मापावे, नाहीतर सरळ ग्रॅमवर घ्यावे.

तर आता मागणे. त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि ती त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. सातव्या पानावर तळाला 'चुकीबद्दल दिलगीर' अशी नको. तीत '१ लिटर = १ किलो' ही ओळ फक्त पाण्यापुरती ठेवावी. बाकीचे १०० मिलीचे द्यावे, म्हणजे कप कितीचाही असो, वाचक हिशेब करू शकेल: दूध १०३ ग्रॅम, तेल ९१ ते ९२, पातळ तूप ९० ते ९१, व्हिनेगर १०१, एकास एक साखरेचा पाक १२३, मध १४२. मोठा चमचा १५ मिलीचा धरला तर त्यात तेल १४ ग्रॅम, मध २१. पाक जास्त आटला की जास्त जड, एवढी एक ओळ खाली असू द्यावी. आणि पुढे पाककृती छापताना ज्यांनी कृती पाठवली त्यांना एकदा विचारून घ्यावे, की मुळात कप होता की ग्रॅम, आणि कप असेल तर कितीचा. मूळ माप तसेच छापले तरी चालेल. कार्यालयात बसून कोणी त्याचे ग्रॅम करू नयेत.

सूनबाईने मागच्या आठवड्यात तो केक पुन्हा केला. एकच केला, मध ३५५ ग्रॅम, तेल ११४. रंग आला, कागदाला डाग नाही. शेजारच्या बाईंना एक तुकडा पाठवला, त्यांनी वाटी परत करताना त्यात दोदोल घालून दिला. मधवाल्याची बदनामी आमच्या सौभाग्यवतींनी अद्याप मागे घेतलेली नाही. तुमचा तक्ता अजून फ्रिजवर आहे. त्यावर लाल पेनने फुली मारलेली आहे, पण चुंबक त्याच जागी ठेवलाय, दुरुस्ती आली की तिथेच लावायची म्हणून.

आपला,
वजनमाप खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
फोंडा, गोवा

ता. क. : पाव कपाला आपण ६२ ग्रॅम लिहिले आहे. २५० चा पाव साडेबासष्ट. अर्धा ग्रॅम कुठे गेला, ते विचारत नाही. आमच्या खात्यात तेवढी सूट होती.